रणभूमीवरचा मुक्काम

तीर्थयात्रेला निघालेल्या माणसाला उतरायचे कुठे, ही चिंता फारशी पडत नाही. नाशिकला उपाध्ये असतात, पंढरपूरला मठ असतात, आणि काहीच नसले तरी धर्मशाळा असतेच. रणभूमीच्या यात्रेचे तसे नाही. पानिपत पाहायला गेलेला मराठी माणूस सकाळी दिल्लीहून निघतो, काळ्या आंब्यापाशी हात जोडतो, घटकाभर गप्प उभा राहतो आणि दिवेलागणीला दिल्लीत परततो. पानिपतात एक रात्र काढावी असे सहसा कुणाच्या मनात येत नाही. जिथे एवढी माणसे पडली तिथे आपल्याला झोप कशी लागेल, असा एक धाकही त्यात असेल.

मला मात्र वाटते, की रणभूमी खरोखर समजून घ्यायची तर तिथे मुक्काम केला पाहिजे. आणि मुक्काम करायचा म्हटला की लगेच पुढचा प्रश्न येतो: कुणाच्या अंगणात? हा प्रश्न दिसतो सोयीचा, पण त्याच्या पोटात सगळा इतिहास आहे. युरोपातल्या एका प्रसिद्ध रणभूमीच्या आधाराने तो मांडून पाहतो.

फ्रान्सच्या उत्तर किनाऱ्यावर नॉर्मंडी नावाचा प्रांत आहे. ६ जून १९४४ रोजी दोस्त राष्ट्रांच्या फौजा इंग्लिश खाडी ओलांडून तिथे उतरल्या. लहानमोठी सुमारे सात हजार जहाजे, समुद्रातून आणि आकाशातून मिळून दीड लाखाहून अधिक सैनिक, आणि ऐंशी किलोमीटरांचा किनारा, असा तो पसारा होता. किनाऱ्याचे पाच भाग पाडून त्यांना सांकेतिक नावे दिली होती. पश्चिमेकडून पाहिले तर युटा, ओमाहा, गोल्ड, जूनो आणि सोर्ड. पहिले दोन अमेरिकनांकडे, गोल्ड व सोर्ड इंग्रजांकडे आणि जूनो कॅनडाच्या फौजेकडे. त्या एका दिवसात दोस्तांचे चार हजारांहून अधिक सैनिक कामी आले. चार वर्षे जर्मनांच्या टाचेखाली असलेल्या फ्रान्सच्या सुटकेला इथून आरंभ झाला आणि २५ ऑगस्टला पॅरिस मोकळे झाले.

यात मराठी माणसाचे काय, असे कुणी विचारील. आपले मराठे त्या वेळी इटलीत लढत होते. नॉर्मंडीची लढाई ऐन रंगात असताना, १० जुलै १९४४ रोजी, रायगड जिल्ह्यातल्या माणगाव तालुक्याचा बावीस वर्षांचा नाईक यशवंत घाडगे इटलीत धारातीर्थी पडला आणि मरणोत्तर व्हिक्टोरिया क्रॉसचा मानकरी ठरला. त्याला स्वतंत्र थडगे नाही. कॅसिनोच्या स्मारकावर त्याचे नाव तेवढे कोरलेले आहे. तेव्हा त्या उन्हाळ्याचे देणे आपल्याही घरांनी दिलेले आहे, आणि नॉर्मंडीतल्या थडग्यांवरची नावे वाचताना मराठी माणूस अगदीच परका राहत नाही.

आमचा पुतण्या लंडनला नोकरीला आहे. २०२४ च्या सप्टेंबरात सौ. आणि मी त्याच्याकडे गेलो तेव्हा त्यानेच हा बेत काढला. मी मॅट्रिकपलीकडे शिकलेला नाही. इतिहास शिकलो तो पुढे शिकवता शिकवताच. पुतण्या म्हणाला, “काका, इतकी वर्षं मुलांना सांगत आलात, ते एकदा डोळ्यांनी बघून या.” फ्रान्सचा व्हिसा वेगळा काढावा लागला. मग पोर्टस्मथहून रात्रीच्या बोटीत मोटार चढवून आम्ही निघालो. ही बोट सकाळी जिथे लागते ते विस्त्रेआम हे बंदर सोर्ड किनाऱ्याच्या पूर्व टोकालाच आहे. म्हणजे पहिले पाऊल पडते तेच रणभूमीवर.

बेत ठरवताना नकाशा पसरून आम्ही बसलो होतो. सौ.ची अट एकच होती. “रोज उठून सामान बांधायचं नाही. एकच जागा धरा.” पुतण्याने लगेच बोट ठेवले ते बायो या गावावर. हिशेबाने त्याचे बरोबर होते. पाच किनाऱ्यांच्या साधारण मध्यावर, समुद्रापासून आत दहा किलोमीटर. ओमाहा आणि गोल्ड दोन्ही हाताशी. पॅरिसहून येणारी आगगाडीही थेट तिथे थांबते, तेव्हा ज्याच्यापाशी मोटार नाही त्यालाही बायोच सोयीचे. पहिल्या दोन रात्री आम्ही तिथे काढल्या.

बायो हे चित्रातले गाव आहे. मधून लहानशी नदी वाहते, काठाला जुनी पाणचक्की आहे, लाकडी तुळयांची घरे आहेत, आणि सगळ्यांच्या डोक्यावर कॅथीड्रलचे मनोरे. इतके जुने इतके नीट कसे राहिले, याचे उत्तर १९४४ मध्येच आहे. फौजा उतरल्याच्या दुसऱ्याच दिवशी, ७ जूनला, इंग्रज या गावात शिरले. जर्मन आधीच मागे सरले होते. गाव फुटले नाही, जळले नाही. आठवडाभरात, १४ जूनला, जनरल द गॉल इथे आले आणि चौकात लोकांपुढे बोलले.

याच गावात तो सुप्रसिद्ध भरतकामाचा पट आहे. सुमारे सत्तर मीटर लांब आणि हातभर रुंद अशा तागाच्या पट्टीवर लोकरीच्या धाग्यांनी १०६६ ची स्वारी चितारली आहे. नॉर्मंडीचा ड्यूक विल्यम समुद्र ओलांडून इंग्लंडात उतरला आणि तिथला राजा झाला, त्याची ही कथा. माझ्या सौ.ने तासभर तो पट पाहिला तो टाक्यांसाठी. मी पाहिला जहाजांसाठी. त्यात घोडे जहाजात उभे आहेत, लाकूड तोडून नावा बांधल्या जात आहेत, उतरल्यावर स्वयंपाक चालला आहे. समुद्रावरून स्वारी करायची तर आधी शिधा आणि नावा लागतात, हे त्या बायाबापड्यांना नऊशे वर्षांपूर्वी ठाऊक होते. (हे संग्रहालय २०२५ च्या सप्टेंबरात नव्या बांधणीसाठी बंद झाले. जाणाऱ्याने आधी चौकशी करून निघावे.)

गावाच्या कडेला इंग्रजी युद्धस्मशान आहे. साडेचार हजारांवर थडगी, त्यांत चारशेहून अधिक जर्मनांची. समोरच्या स्मारकावर लॅटिनमध्ये एक वाक्य कोरले आहे. त्याचा आशय असा, की ज्या आम्हांला विल्यमने जिंकले होते, त्या आम्ही त्या जेत्याची मायभूमी मुक्त केली. साडेआठशेहून अधिक वर्षांचा हिशेब एका ओळीत चुकता केला आहे. बायोला राहिले की इतिहास असा नीटनेटका, बांधेसूद वाटू लागतो. कॅथीड्रलच्या घंटा ऐकत झोप छान लागते. पण नॉर्मंडीत त्या उन्हाळ्यात ज्या गावांना छान झोप लागली अशी गावे थोडी होती, ही गोष्ट बायो सांगत नाही.

ज्यांना समुद्रच हवा त्यांच्यासाठी आरोमाँश आहे. तिथे फौज अशी उतरली नाही, कारण तिथे बंदर आणायचे होते. होय, बंदर बांधायचे नव्हे, आणायचे! इंग्लंडात काँक्रीटच्या प्रचंड पेट्या ओतून त्या समुद्रातून ओढत इथे आणल्या, बुडवल्या, आणि त्यांच्या आडोशाला तरते धक्के उभे केले. असेच दुसरे बंदर ओमाहापाशी होते. ते १९ जूनच्या वादळाने मोडून टाकले, आरोमाँशचे मात्र तगले. त्या पेट्या अजून पाण्यात आहेत. दिवसाच्या फेरीत येणारे लोक त्यांचे फोटो घेऊन जातात, पण तिथे रात्रभर राहिलेल्याला ओहोटीही पाहायला मिळते. पाणी मैलभर मागे हटल्यासारखे वाटते आणि शेवाळलेल्या पेट्या वाळूत उघड्या पडतात.

कोकणातल्या वाचकाला भरती-ओहोटीचे महत्त्व सांगायला नको. स्वारीचा दिवस ठरला तोच मुळी चंद्रावरून. छत्रीधारी सैनिकांना रात्री उजेड हवा होता, आणि जर्मनांनी वाळूत रोवलेले अडसर दिसावेत म्हणून पहाटे ओहोटी हवी होती. हे दोन्ही जुळते पौर्णिमेच्या सुमारास. आधी ठरलेला ५ जून वादळी हवेमुळे टळला आणि आयझेनहॉवरने ६ जून धरला. आपल्या पंचांगाने ती ज्येष्ठ पौर्णिमा. सौ. हे ऐकून थबकली. म्हणाली, “म्हणजे वटपौर्णिमा की हो!” त्यावर आम्ही कुणी काही बोललो नाही. भरती पश्चिमेला आधी आणि पूर्वेला नंतर येते म्हणून युटावर साडेसहाला उतरलेली फौज पूर्वेकडच्या किनाऱ्यांवर जवळजवळ तासभर उशिरा उतरली. हे पुस्तकात वाचून पाठ होते. वाळूत उभे राहून घोट्याला पाणी लागले की मग ते पटते.

तिसरी रात्र आम्ही ओमाहाच्या मागे, आतल्या बाजूला एका शेतघरात काढली. फ्रान्समध्ये घरातल्याच खोल्या पाहुण्यांना देतात, सकाळची न्याहारी घालतात, आणि त्याला शांब्र दोत म्हणतात. आपल्याकडे कोकणात घरगुती सोय असते तसेच. ओमाहाची वाळू आता शांत आहे. ‘सेव्हिंग प्रायव्हेट रायन’ या चित्रपटात दिसतो तो किनारा आयर्लंडमधला. खरा ओमाहा हिरव्या चढणीचा, आणि त्या चढणीवर कोलव्हिलला अमेरिकनांचे स्मशान आहे. नऊ हजार तीनशेहून अधिक पांढरी थडगी. तिथून काही मैलांवर ला कांब येथे जर्मनांचे स्मशान आहे. तिथे एकवीस हजारांवर माणसे पुरली आहेत. दगड काळसर, बुटके, आणि येणारे थोडे. एका दिवसात दोन्ही पाहावीत, आणि मुलांना बरोबर न्यावे.

पण त्या शेतघराने शिकवले ते वेगळेच. संध्याकाळी फिरायला निघालो तर वाट खोल पाणंदीसारखी. दोन्ही बाजूंना मातीचे पुरुषभर उंच बांध, त्यांवर जुनी झाडे आणि दाट काटेरी झुडपे. प्रत्येक शेत म्हणजे एक गढी. या मुलखाला तिकडे बोकाज म्हणतात. बांधाआड एक बंदूकवाला बसला तर पलटण अडून राहील. दोस्तांची फौज एका दिवसात किनाऱ्यावर उतरली, पण या बांधांतून बाहेर पडायला तिला जुलैची अखेर उजाडावी लागली. किनाऱ्यावरच्या संग्रहालयांत पहिल्या दिवसाचा इतिहास भरपूर आहे. उरलेल्या पन्नास दिवसांचा या पाणंदींत आहे.

घरमालकीण साठीची होती. मोडक्या इंग्रजीत बोलायची, अडले तिथे पुतण्या सावरून घेई. ती म्हणाली, “माझी आजी लढाईचं सांगायची ना, तेव्हा आधी गाईंचं सांगायची.” दुभत्या गुरांचा हा मुलूख. तोफांच्या माऱ्यात कुरणांतली गुरे जागच्या जागी मेली आणि जूनच्या उन्हात पडून राहिली. आजीला सैनिकांचे चेहरे आठवत नव्हते, आपल्या गाईंची नावे आठवत होती. शेतकऱ्याच्या घरी जन्मलेल्या कुणालाही यावर भाष्य नको.

आणखीही जागा आहेत, त्यांचे थोडक्यात सांगतो. युटाकडे ओढा असेल तर सेंत-मेर-एग्लीझला उतरावे. तिथे चर्चच्या मनोऱ्यात जॉन स्टील नावाचा अमेरिकन शिपाई छत्रीसकट अडकला आणि मेल्याचे सोंग घेऊन लोंबकळत राहिला. त्याचा पुतळा आजही तिथे टांगलेला दिसतो. पण तिथून सोर्ड फार दूर पडते. जूनोवर बेर्निएर आणि कूरसल ही समुद्रस्नानाची जुनी गावे आहेत. बेर्निएरला कॅनडाच्या सैनिकांनी आरंभीच सोडवलेले एक घर अगदी वाळूला लागून उभे आहे. विस्त्रेआमला खुद्द फ्रेंच कमांडो आपल्याच भूमीवर उतरले, संख्येने १७७. तिथला कॅसिनो जर्मनांनी पाडून त्या जागी तोफांचे ठाणे केले होते. जूनच्या पहिल्या आठवड्यात मात्र यांपैकी कुठेही आयत्या वेळी जागा मिळेल अशी आशा धरू नये.

चौथ्या रात्रीचा मुक्काम मी हट्टाने काँ शहरात करवला. नावाचा उच्चार खरोखरच काँ असा, एका हुंकारात संपणारा. पुतण्या म्हणाला, “काका, काँमध्ये पाहण्यासारखं काय आहे? सगळं नवं बांधलेलं आहे.” मी म्हटले, “तेच पाहायचं आहे.”

काँ हे पहिल्या दिवशीच घ्यायचे असे इंग्रजांनी ठरवले होते. शहराचा उत्तर भाग हाती आला ९ जुलैला, आणि नदीपलीकडचा १९ जुलैला. रस्ते आणि पूल तोडून जर्मन कुमक अडवावी म्हणून दोस्तांच्याच विमानांनी ६ जूनला दुपारी आणि पुन्हा रात्री शहरावर बाँब टाकले. आग कित्येक दिवस विझली नाही. ७ जुलैला पुन्हा साडेचारशेहून अधिक विमाने आली. पाच शतकांपूर्वी स्थापन झालेले विद्यापीठ ग्रंथालयासकट गेले. साठ हजारांच्या आसपास वस्तीच्या या शहरातले सुमारे दोन हजार नागरिक मेले आणि शहराचा बहुतेक भाग जमीनदोस्त झाला. सबंध नॉर्मंडीत त्या उन्हाळ्यात मेलेल्या नागरिकांची संख्या वीस हजारांच्या घरात सांगतात. सें-लो गावाची तर अशी दशा झाली की युद्धानंतर तिथल्या आयरिश रुग्णालयात काम केलेल्या सॅम्युअल बेकेटने त्याला भग्नावशेषांची राजधानी म्हटले.

म्हणून काँ नवे दिसते. फिकट पिवळसर दगडाच्या सरळसोट इमारती, रुंद रस्ते. ही बांधणी १९६० नंतरही चालूच होती. बायोची गल्ली पाहून मन प्रसन्न होते, काँचा रस्ता पाहून काहीच होत नाही. प्रवासी म्हणूनच बायोला उतरतात. जे गाव वाचले त्याच्याकडे पाहुणे जातात, आणि ज्याने मोल दिले त्याच्याकडे फक्त युद्धाचे मोठे संग्रहालय बघून परत फिरतात, हा इतिहासाचा न्याय मला फारसा रुचत नाही. आणि हे मोल कुणी द्यायला लावले, तर सोडवायला आलेल्यांनीच. तरी काँचे लोक दोस्तांच्या नावाने बोटे मोडत बसले नाहीत. त्यांनी घरे बांधली, विद्यापीठ पुन्हा उघडले. स्वातंत्र्य मिळाल्याचा आनंद आणि घरातले माणूस गेल्याचे दुःख एकाच देवघरात ठेवायचे कसे, हे त्यांना कुणी शिकवले नव्हते.

मुक्काम कुठे करावा, हा प्रश्न ६ जून १९४४ च्या रात्री काँच्या हजारो कुटुंबांनाही पडला होता. घर पेटलेले, कडेवर मूल, हातात गाठोडे. कुणी शहराबाहेरच्या दगडाच्या खाणींत गेले. याच दगडांनी कधी काळी इंग्लंडातले किल्ले आणि चर्चे बांधली होती. तिथे अंधारात, ओलीत, आठवडेच्या आठवडे हजारो माणसे राहिली. आणखी हजारो जण सेंत-एतिएनच्या मठात शिरले. हा मठ विल्यमनेच बांधवला आणि तो पुरला आहे तोही तिथल्या चर्चमध्येच. १९४४ मध्ये मठाच्या इमारतीत शाळा भरत असे. वर्गावर्गांतून बिऱ्हाडे थाटली गेली. चर्चच्या फरशीवर पेंढा पसरून लोक झोपले. विमानांना कळावे म्हणून रेड क्रॉसची मोठाली चिन्हे मांडली. त्यांतले एक शस्त्रक्रियेच्या रक्तात भिजलेल्या चादरींचे केले होते, असे तिथे सांगतात. मठ वाचला आणि त्यातली माणसे वाचली.

शिक्षकाच्या मनात वर्गाची खोली म्हणजे काय असते ते शिक्षकच जाणे. फळ्याखाली कुणाची तरी चूल, बाकावर कुणाचे तरी आजारी म्हातारे, अशी ती शाळा माझ्या डोळ्यांपुढून अजून हलत नाही. ती इमारत आता नगरपालिकेची आहे. लोक दाखले काढायला येतात, लग्ने नोंदवायला येतात.

तेव्हा माझा सल्ला एवढाच. मोटार नसेल, दिवस दोनच असतील, तर निःशंक बायोला उतरा. समुद्राचे वेड असेल तर एक भरती आणि एक ओहोटी आरोमाँशला पाहा. मुले बरोबर असतील तर एक रात्र शेतघरात काढा आणि त्यांना पाणंदीतून हिंडवा. पण शेवटची रात्र काँसाठी राखून ठेवा. संध्याकाळी सेंत-एतिएनमध्ये जावे. आत फारसे कुणी नसते. विल्यमचे थडगे दंगेधोप्यांत लुटले गेले, त्याचे एक मांडीचे हाड तेवढे फरशीखाली उरले आहे. दोन स्वाऱ्यांमधला एवढा मोठा राजा, त्याचे हाड एक. आणि त्याच फरशीवर, पेंढ्यावर, ज्यांची नावे कुठल्याही स्मारकात नाहीत अशी माणसे महिनाभर निजली, उठली, पोरांना निजवली. त्यांच्या गावात आपण एक रात्र पाहुणे म्हणून राहावे, सकाळी त्यांच्या नातवंडांच्या दुकानातून पाव विकत घ्यावा, आणि मग परतीची वाट धरावी.